शेवट ठरलेला असताना

गोष्ट जर आधीच लिहून ठेवलेली असेल, तर तिच्यात वावरणाऱ्या माणसाने हे केले की ते केले, याला काही मोल उरते काय? प्रश्न तसा जुना आहे. आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात ‘ईश्वराचे पूर्वज्ञान आणि मानवाचे इच्छास्वातंत्र्य’ अशा भारदस्त मथळ्याखाली तो शिकवला जाई आणि परीक्षेत हमखास येई. आज तोच प्रश्न निराळ्याच दाराने आपल्या घरांत शिरला आहे. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज येथील आपल्या कुटुंबांतील मुले आणि पाचगणीच्या वसतिगृहांतून सुटीसाठी घरी आलेली मुले संगणकावर वा मोबाइलवर जे खेळ खेळत रात्र रात्र जागतात, त्यांपैकी काही खेळांचा तर तो गाभाच होऊन बसला आहे.

आईवडिलांना पाठीमागून बहुधा धावणारी माणसे आणि झाडल्या जाणाऱ्या बंदुका एवढेच दिसते. परंतु या खेळांत एक वेगळी जात आहे. तिच्यात नेमबाजी थोडी आणि गोष्ट फार. एखादी कादंबरी वाचावी तशी ती गोष्ट उलगडत जाते. फरक इतकाच की, अधूनमधून ती थबकते आणि खेळणाऱ्याला विचारते, आता काय करायचे? खरे सांगायचे की लपवायचे? दोघे संकटात आहेत, हात एकालाच देता येईल, तो कोणाला द्यायचा? खेळणारा एक पर्याय निवडतो आणि गोष्ट पुढे सरकते. तुमच्या निर्णयाने कथा घडते, अशी खेळ विकणाऱ्यांची जाहिरात असते. ती तशी घडत नाही, अशी खेळणाऱ्या तरुणांची तक्रार असते. आमच्या धर्मग्रामातील, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक तरुण मला एकदा तावातावाने म्हणाला, “फादर, काहीही निवडलं तरी शेवटी होतं तेच. मग मला विचारतात कशाला?”

हा त्रागा माझ्या ओळखीचा होता. काही वर्षांपूर्वी, आजारी मुलाच्या उशाशी बसलेल्या एका बापाने जवळजवळ याच शब्दांत तो माझ्यापुढे मांडला होता. देवाने सगळे ठरवूनच ठेवले असेल, तर आम्ही प्रार्थना कशाला करायची, असे त्याचे म्हणणे होते. म्हणून खेळाची गोष्ट पोरखेळ म्हणून सोडून देणे मला जमले नाही.

तरुणांची तक्रार कितपत खरी आहे ते आधी पाहू. गणित सोपे आहे. गोष्टीत दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले आणि प्रत्येक पर्यायाने खरोखर निराळी वाट काढली, तर दहाव्या वळणानंतर १०२४ निरनिराळ्या गोष्टी तयार होतात. प्रत्येकीची चित्रे काढायची, संवाद लिहायचे, ते नटांकडून बोलून घ्यायचे, संगीत द्यायचे. आणि खेळणारा एका वेळी पाहणार त्यांतली एकच. एवढा खर्च कोणत्याही निर्मात्याला झेपणारा नाही. म्हणून वाटा फुटतात आणि थोडे अंतर चालून पुन्हा एकमेकींना मिळतात. पावसाळा ओसरल्यावर नदीच्या पात्रात वाळूचे बेट उघडे पडते, पाणी त्याच्या दोन अंगांनी वाहते आणि बेट संपले की एक होते, तसाच हा प्रकार.

२०१२ साली आलेल्या ‘द वॉकिंग डेड’ या अमेरिकी खेळाचे उदाहरण या बाबतीत नेहमी दिले जाते. एका भयंकर साथीने जग उद्ध्वस्त झाले आहे. खुनाबद्दल शिक्षा होऊन तुरुंगाकडे नेला जात असलेला ली नावाचा माणूस वाटेत सुटतो आणि आईबाप जवळ नसलेल्या क्लेमेंटाइन नावाच्या चिमुरडीचा सांभाळ त्याच्यावर येऊन पडतो. पहिल्याच भागात डग आणि कार्ली या दोन सोबत्यांपैकी एकालाच वाचवता येते. खेळणारा मनाशी झगडून एकाला वाचवतो. आणि वाचवलेले ते माणूस, मग ते कोणीही असो, तिसऱ्या भागात मारले जाते. खुद्द लीचा मृत्यूही टळत नाही. खेळणारा कितीही शहाणपणाने वागो, ली अखेरीस जातोच.

त्याच वर्षी कॅनडातील बायोवेअर कंपनीच्या ‘मास इफेक्ट’ या तीन भागांत सांगितलेल्या कथेचा अखेरचा भाग आला. २००७ पासून खेळणाऱ्यांनी जे जे ठरवले, ते जपून पुढच्या भागात नेले जात होते. शेवटी मात्र तीन पर्याय समोर आले आणि तिन्हींची दृश्ये जवळजवळ सारखी. प्रकाशाचा रंग तेवढा कोठे तांबडा, कोठे हिरवा, कोठे निळा. चाहते खवळले. त्यांनी कंपनीला या तीन रंगांचे सुमारे चारशे छोटे केक पाठवले. रंग तीन, चव एकच! (इतका रुचकर निषेध आपल्याकडच्या मोर्चांना अजून सुचलेला नाही.) कंपनीने काही महिन्यांतच शेवट विस्तारून पुन्हा दिला. असल्या प्रकारांची सुरुवात संगणकाच्या खेळांनीही केलेली नाही. १९६७ साली माँट्रिअलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमॅट’ नावाचा एक चित्रपट दाखवला जाई. नायकाने पुढे काय करावे, हे प्रेक्षक खुर्चीवरचे बटण दाबून बहुमताने ठरवीत. चित्रपट जळत्या इमारतीच्या दृश्याने सुरू होई आणि प्रेक्षकांनी कसाही कौल दिला तरी जळत्या इमारतीपाशीच येऊन थांबे.

तेव्हा तक्रारीत तथ्य आहे. जे देता येत नाही ते देतो म्हणून सांगणे हा खोटेपणाच, मग विकायला काढलेली वस्तू खेळ असो की बियाणे. परंतु या तक्रारीच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे आणि ते मला मान्य नाही. निवडीने शेवट जितका बदलेल तितके तिचे मोल, असे ते गृहीत. हिशेबी जगात वाढलेल्या पिढीला ते इतके सहज वाटते की, ते तपासून पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

ते तपासण्यासाठी फार लांब जायला नको. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी २०२० साली ‘राजी: ॲन एन्शन्ट एपिक’ नावाचा खेळ जगापुढे आणला. खेळ दाखवून मुलखात पोट भरणाऱ्या राजी नावाच्या मुलीचा धाकटा भाऊ गोलू याला राक्षस पळवून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. या खेळात पर्याय असे काही नाहीतच. एक वाट, तिच्यावरून चालायचे. दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत तिची कथा सांगत राहतात. देव बोलत आहेत आणि त्यांच्या बोलण्याखाली एक लहानगी जिवाच्या आकांताने धडपडते आहे, हा प्रकार मराठी माणसाला कोठेतरी पाहिल्यासारखा वाटतो. वाटावाच. गोष्ट सांगणारा एका बाजूला आणि ती जगणारा दुसऱ्या बाजूला, ही रचना आपल्या सांगलीनेच मराठी रंगभूमीला दिली.

सांगलीच्या दरबारात १८४२ च्या सुमारास कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ झाले आणि ते पाहून अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही करण्यास सांगितले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन म्हणून आपण पाळतो, तो त्यामुळेच. या नाटकांची पद्धत आज विलक्षण वाटेल. सूत्रधार बाजूला उभा राहून पदे म्हणे आणि कथा पुढे नेई. पदे भावे यांनी रचलेली. परंतु पात्रांची भाषणे कोणीच लिहून दिलेली नसत. पद संपले की त्या प्रसंगाला साजेसे बोलणे नटाने आयत्या वेळी आपल्या पदरचे बोलायचे. भावे यांनी पुढे आपल्या नाटकांचा संग्रह छापला, तो ‘नाट्यकवितासंग्रह’ म्हणूनच. नटांची बोलणी छापणार कोठून? ती त्या त्या रात्रीबरोबर विरून गेली होती.

आता विचार करा. धनुष्य राम मोडणार, माळ रामाच्याच गळ्यात पडणार, हे प्रेक्षकांतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. राक्षस कितीही थयथयाट करून ‘अललऽऽ डुर्र’ अशा आरोळ्या ठोकोत, त्यांचे मरण ठरलेले. तरी माणसे रात्र रात्र बसून राहत. १८५३ साली भावे यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले, तेव्हा शेवट आधीच ठाऊक असल्याबद्दल कोणी पैसे परत मागितल्याचे ऐकिवात नाही. त्या नटाला स्वातंत्र्य होते की नव्हते? कथेचा शेवट बदलण्याचे मुळीच नव्हते. पण जनकाच्या सभेत उभे राहिल्यावर कोणता शब्द उच्चारायचा, कोठे थांबायचे, समोरच्या नटाला आपल्या बोलण्याने उचलून धरायचे की उघडे पाडायचे, हे सगळे त्याच्या हाती होते. आणि त्याने जे बोलावे त्याला समोरच्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. चुकीचा शब्द गेला तर तो परत घेता येत नसे. सगळ्या सभेदेखत तो सावरावा लागे.

भावे हे बाहुल्यांच्या कलेतही वाकबगार होते. त्यांच्या लाकडी बाहुल्या आपल्या काळात रामदास पाध्ये यांनी पुन्हा रंगमंचावर आणल्या. तीच कथा आणि तोच शेवट. परंतु बाहुली चुकत नाही, कारण ती बोलतच नाही. तिच्या दोऱ्या धरणारा बोलतो. शेवट ठरलेला आहे म्हणून आपण सारे कळसूत्री बाहुल्या, असे म्हणणाऱ्याने बाहुली आणि नट यांतला हा फरक डोळ्यांआड केलेला असतो.

ठरलेल्या शेवटाची कथा माणसांना किती हलवू शकते, याचे आणखी एक उदाहरण सांगलीचेच आहे. सांगलीत जन्मलेले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. भीम कीचकाला मारणार हे नावातच सांगितलेले. कथानकात गुप्त ठेवण्यासारखे काही नव्हते. तरी १९१० साली इंग्रज सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. कारण प्रेक्षक कीचकात लॉर्ड कर्झनला पाहत होते, सैरंध्रीत पारतंत्र्यातील मातृभूमीला पाहत होते आणि युधिष्ठिराच्या सबुरीने वागायचे की भीमाच्या मार्गाने जायचे, हा सवाल घेऊन घरी परतत होते. रंगमंचावर काहीच निराळे घडले नव्हते. सरकारला भीती वाटली ती नाटकगृहाबाहेर पडणाऱ्या माणसांची.

येथे आपल्या भाषेतील एका शब्दापाशी थोडे थांबावेसे वाटते. ‘जबाबदारी’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा वापरतो आणि त्यात ‘जबाब’ आहे हे विसरतो. पोलीस ठाण्यात जबाब देतात, कोर्टात जबाब देतात. कोणीतरी विचारणार आहे आणि मला सांगावे लागणार आहे, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. माझ्या मते निवडीचे मोल येथे आहे. मी निवडल्याने जगाचा शेवट बदलला की नाही, हा वेगळा हिशेब. मी जे केले त्याबद्दल कोणासमोर तरी उभे राहून बोलावे लागते की नाही, हे महत्त्वाचे.

गंमत अशी की, तरुण ज्यांची तक्रार करतात त्या खेळांतील चांगल्या खेळांना हे कळलेले आहे. लीची गोष्ट पुन्हा घेऊ. तो काही बोलला, कोणाशी कठोर वागला, की पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी ओळ उमटते: क्लेमेंटाइन हे लक्षात ठेवील. खेळणाऱ्यांनी मला सांगितले की, झोंबीच्या झुंडीपेक्षा त्यांना धसका वाटायचा तो या ओळीचा. पुढे उपासमारीच्या दिवसांत लीच्या टोळीला अन्नाने भरलेली एक बेवारशी मोटार सापडते आणि ते अन्न घेतले जाते. शेवटच्या भागात त्या मोटारीचा मालक समोर येऊन बसतो आणि लीला एकेका गोष्टीचा जाब विचारतो. हे का केलेस? त्या वेळी तू काय केलेस? तोवर गोष्टीच्या ओघात विसरून गेलेले निर्णय एकेक करून टेबलावर मांडले जातात. लीचे मरण काही मिनिटांवर आलेले असते आणि कोणत्याही उत्तराने ते टळणार नसते. तरीही तो प्रसंग खेळताना घशाला कोरड पडली, असे सांगणारे तरुण मला भेटले आहेत.

दुसरा खेळ याहून साधा. ‘पेपर्स, प्लीज’ हा लुकस पोप या एकट्या माणसाने केलेला, २०१३ साली आलेला. तुम्ही एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरील कारकून. येणाऱ्याची कागदपत्रे तपासायची आणि शिक्का मारायचा. चुका वाढल्या की पगार कापला जातो आणि संध्याकाळी घरच्यांच्या जेवणाला की घर उबदार ठेवायला पैसे द्यायचे, हे ठरवावे लागते. एक पुरुष येतो. त्याचे कागद बरोबर असतात. जाताना तो विनवतो, मागून माझी बायको येते आहे, तिच्याशी दयेने वागा. तिच्याजवळ प्रवेशाचा परवाना नसतो. तिला आत सोडल्याने त्या देशाचे राजकारण तसूभरही बदलत नाही. त्या खेळाला वीस निरनिराळे शेवट आहेत आणि त्यांतला एकही या बाईवर अवलंबून नाही. मी त्या अभियांत्रिकीच्या तरुणाला विचारले, तू काय केलेस? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “सोडलं, फादर. पण तिसऱ्यांदा खेळताना. पहिल्यांदा नाही.” काहीही निवडले तरी होते तेच, असे म्हणणाऱ्याला पहिल्या खेपेला आपण काय केले ते इतके स्पष्ट आठवत होते.

येथे कोणी म्हणेल, फादर, हे सारे बनावट आहे. क्लेमेंटाइन म्हणजे रेषा आणि रंग, ती काय लक्षात ठेवणार? आक्षेप रास्त आहे. त्याला उत्तर म्हणून जुन्या करारातील नाथान संदेष्ट्याची आठवण द्यावीशी वाटते. उरियाला युद्धात मरणाच्या तोंडी देऊन त्याची बायको आपल्या घरात आणणाऱ्या दावीद राजापुढे नाथानाने आरोपपत्र वाचले नाही. त्याने एक गोष्ट सांगितली. एक श्रीमंत, एक गरीब. गरिबाजवळ पोटच्या लेकरासारखी वाढवलेली एकच मेंढी. आणि पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने तीच कापली. गोष्ट बनावटच होती. दावीद संतापला आणि त्याने निवाडा दिला, असल्या माणसाला मरणच योग्य. तेव्हा नाथानाने त्याला सांगितले की, तो माणूस तूच. गोष्टीतल्या माणसाविषयी दिलेला निवाडा खऱ्या माणसावर येऊन आदळला. बनावट गोष्टीत केलेली निवड आपल्याविषयी काहीच सांगत नाही, असे म्हणण्याची सोय त्या दिवसापासून उरलेली नाही.

आता तो जुना, परीक्षेतला प्रश्न. बोएथियस हा रोमन विद्वान सहाव्या शतकात तुरुंगात मृत्युदंडाची वाट पाहत असताना याच कोड्याशी झगडला. त्याने काढलेला मार्ग थोडक्यात असा: रस्त्याने चालणारा माणूस मला दिसतो म्हणून मी त्याला चालवीत नाही, देवापुढे सारा काळ एकाच वेळी वर्तमानासारखा उभा आहे, त्याचे पाहणे म्हणजे ढकलणे नव्हे. संत थॉमस ॲक्वायनस यांचा युक्तिवाद अधिक व्यवहारी आहे. माणसाला स्वातंत्र्य नसते तर उपदेश, आज्ञा, मनाई, बक्षीस, शिक्षा या सगळ्याच गोष्टी व्यर्थ ठरल्या असत्या. दोन्ही उत्तरे भक्कम आहेत. पण उशाशी बसलेल्या त्या बापाला मी यांतले एकही सांगितले नाही. त्याला मी गेथसेमनीची आठवण दिली. प्याल्यात काय आहे हे ठाऊक असलेल्यानेही तो प्याला दूर होवो म्हणून घाम गाळीत विनवणी केली आणि मग पित्याची इच्छा स्वीकारली. तो बाप काही बोलला नाही. मुलाच्या कपाळावरची पट्टी गरम झाली होती, ती त्याने पुन्हा पाण्यात बुडवून पिळली. मूल पुढे वाचले नाही. रात्रभर पट्ट्या बदलण्याला मोल नव्हते, असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.

पेत्राची गोष्ट तर जवळजवळ या खेळांच्या रचनेचीच आहे. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीन वेळा नाकारशील, असे त्याला भोजनाच्या वेळीच सांगून ठेवले होते. शेवट ठरलेला, आणि घडलेही तसेच. तरी बाहेर जाऊन तो हमसून हमसून रडला, कारण नाकारणारे तोंड त्याचे स्वतःचे होते. पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. या खेळांत एक सोय असते. वाईट घडण्याआधीची जागा ‘सेव्ह’ करून ठेवायची आणि पश्चात्ताप झाला की तेथे परत जायचे. मधले काही घडलेच नाही. पेत्राला तशी सोय मिळत नाही. योहानाच्या शुभवर्तमानात मुख्य याजकाच्या अंगणात तो ज्या कोळशाच्या शेकोटीपाशी उभा राहून नाकारतो, त्या शेकोटीसाठी वापरलेला ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात आणखी एकाच ठिकाणी येतो: पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी, जेथे प्रभू येशूने मासळी भाजायला ठेवली आहे. पुन्हा तसाच विस्तव, आणि तीन नकारांच्या बदल्यात तीनदा विचारलेला एकच प्रश्न, माझ्यावर प्रीती करतोस काय? नकार पुसला गेला नाही. त्यालाच पुन्हा जबाब द्यायला लावला आणि मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. पापनिवेदनाच्या संस्कारात आपण घडलेले बोलून दाखवतो, ते न घडल्यासारखे करीत नाही, याचे मूळ मला या दोन शेकोट्यांत दिसते.

टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ या २०१५ सालच्या खेळाने ही ‘सेव्ह’ची पळवाटच बंद करून दाखवली. सुरुवातीला आईसारखी माया करणारी टोरिएल वाट अडवून उभी राहते. तिला मारले, मग वाईट वाटून मागे गेलो आणि या वेळी जिवंत सोडले, तर पुढे दाराशी एक फूल भेटते आणि म्हणते, तू आधी काय केलेस ते मला ठाऊक आहे. खेळणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो तो येथे.

उलट ज्या खेळांत प्रत्येक सत्कृत्याला गुण मिळतात आणि पडद्यावर चांगुलपणाची पट्टी भरत जाते, ते मला नीतीच्या दृष्टीने सर्वांत पोकळ वाटतात. बायोवेअरच्याच २००३ सालच्या एका प्रसिद्ध खेळात प्रकाशाची बाजू आणि अंधाराची बाजू अशी मापे होती. ‘मास इफेक्ट’मध्येही तशीच दोन खाती. मुले मग भिकाऱ्याला पैसे देतात ते खाते भरावे म्हणून. आठवड्यातून दोनदा उपास आणि उत्पन्नाचा दशमांश यांची बेरीज घेऊन मंदिरात उभा राहिलेला परुशी यापेक्षा काय निराळे करीत होता? आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही उपस्थितीचे तारे आणि सद्गुणांचे तक्ते भिंतीवर लावण्याची हौस असते, हे जाता जाता नमूद करतो.

खेळ आणि आयुष्य यांत एक फरक मात्र उरतोच. पडद्यावर काहीही निवडले तरी खेळणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. झळ लागणारी निवड पाहायची तर औंधकडे वळावे लागेल.

सातारा जिल्ह्यातील औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली आपले अधिकार रयतेच्या हाती देणारी राज्यघटना स्वीकारली. त्या कामी महात्मा गांधींचे मार्गदर्शन होते आणि मॉरिस फ्रिडमन या पोलंडहून आलेल्या अभियंत्याचा पुढाकार होता. त्याच प्रयोगाच्या काळात संस्थानाच्या आटपाडी भागात, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, कैद्यांची एक वसाहत वसवली गेली. तिचे नाव स्वतंत्रपूर. व्ही. शांताराम यांच्या १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा ती हीच. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि ते त्याच मुलखातले. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले, शिवाय आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचे पारितोषिकही मिळाले, हे आपल्या वाचकांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

स्वतंत्रपुरात आले ते खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले लोक. खेळातला ली तुरुंगाच्या वाटेवर होता, हे तुरुंगातून येथे पोहोचले होते. वसाहतीला कोट नव्हता, पायांत बेड्या नव्हत्या. शेती करायची आणि बायकामुलांसह राहायचे. शिक्षा न्यायालयाने आधीच ठरवलेली. रात्री दिवे मालवले की भोवती माणदेशाचे मोकळे माळरान. निघून जायचे तर आडवे येणारे कोणी नाही. न गेल्याने त्या रात्रीपुरते काहीच बदलत नसे. सकाळी उठल्यावर तो कैदीच असे. आणि तसा उठून, पहाटेच्या गारव्यात, तो बैल घेऊन शेताकडे जाई.